प्रश्न एकोणिसावा

पलासियाला, तिसऱ्या मजल्यावर, चपलांच्या फळीपाशी
कैवल्यनं सगळ्यांच्या चपला जोडीजोडीनं भिंतीला लावल्या.
भदौरिया मॅडमनी ते दारातूनच पाहिलं
आणि काहीतरी लिहिलं.
काय, ते मी विचारलं नाही.

फॉर्म हिंदीत. मी मराठीत विचार करते.
तो कशात करतो, ठाऊक नाही.
'नाम पुकारने पर देखता है?'
कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.
चार चौकोन.
पंख्याकडे नेहमी, जाळीतून येणाऱ्या उन्हाकडे नेहमी,
हे लिहायला जागा नव्हती.

तीन वर्षं, दोन महिने.
बारशाला आत्याबाईंनी वाकून कानात नाव सांगितलं,
कुर्रर्र झालं, घुगऱ्या वाटल्या,
अर्थ कुणी शोधला नाही.
शब्दकोश मी मागच्या महिन्यात उघडला, रात्री दीडला.
केवळ असणं. एकटं असणं.
मिटून टाकला.

मॅडम फरशीवर बसल्या,
बसताना गुडघ्यावर हात दाबला, दुखत असावा.
बाहुलीला दूध पाज म्हणाल्या.
त्यानं खेळण्यातली बाटली उलटी केली,
आतलं पांढरं कुठे जातं ते बघत राहिला.
परत सरळ, परत उलटी.
बाहुली उपाशी.
ठोकळ्यांचा मनोरा नाही, आगगाडीसुद्धा नाही,
नुसती रेघ, फरशीचा सांधा धरून.

मॅडमनी मुद्दाम एक ठोकळा वाकडा केला.
त्यानं सरळ केला.
परत वाकडा.
परत सरळ.
तिसऱ्या वेळी त्याचा हात आधीच तिथं होता,
वाट बघत.
तोंडाकडे नाही पाहिलं त्यानं. त्यांच्या बोटांकडे पाहिलं.
मॅडमनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं.

श्रीरंग मोबाइलवर काही करत होता.
ऑफिसचं आहे म्हणाला.
स्क्रीन काळी होती.
आत्याबाई सांगतात, हाही साडेतीनला बोलला,
आणि आता बघ, वीज मंडळात आहे.

सांगायचं बरंच होतं.
कचरागाडी मागच्या गल्लीत वळली की
अख्ख्या सुदामानगरात आधी त्याला कळतं.
गाडीवरच्या गाण्याची चाल तो गुणगुणतो, शब्द सोडून.
लिंबाची फोड हिरव्या डब्यात, शेवेची पिशवी निळ्या,
कुणी शिकवलं नाही.
एकदा मी घाईत चुकले
तर तासभर भिंतीवर डोकं आपटलं.
पहिलं कौतुकानं सांगितलं, दुसरं खालच्या आवाजात.
मॅडमनी दोन्ही एकाच अक्षरात उतरवलं.

मग एकोणिसावा.
हवी ती वस्तू घ्यायला मूल तुमचं मनगट धरून
तुमचा हात पुढे करतं का,
जणू तो हात म्हणजे एखादं अवजार?
हो, म्हणाले मी. पटकन. जरा अभिमानानंच.
पेन ज्या चौकोनाशी गेलं, त्यावरून कळलं
हे उत्तर कुठल्या बाजूला पडतं ते.

'नापास?' मी हसून विचारलं.
हसू नीट आलं नाही.
'अभी तो हम बस देख रहे हैं,' त्या म्हणाल्या,
'आप भी देखिए.'
मंगळवारी कानांची तपासणी. मग परत इथं.
खाली उतरेपर्यंत त्यानं पायऱ्या मोजल्या असाव्यात;
मधे मी उचलून घेतलं तर
परत वर जाऊन पहिल्यापासून उतरला.

दुसऱ्या दिवशी, पावणेआठ.
कुकरची शिट्टी झाली, त्यानं कान झाकले,
मग एक हात सोडला.
माझं मनगट धरून फाटकापर्यंत नेलं,
निळ्या डब्याच्या झाकणावर माझा पंजा ठेवला,
वरून दाबला.
गाडी आलेली नव्हती. निदान मला ऐकू येत नव्हती.
माझ्या अंगठ्याला कणीक लागलेली.
झाकण मी लगेच उघडलं नाही.
हात तिथंच राहू दिला, त्याच्या हाताखाली,
अवजारासारखा.